देवाला पाठ, खुर्चीला पट्टा

कॅनडाला जायला निघाले त्या दिवशी आमच्या जुन्या जीपमध्ये मला पोचवायला कोण कोण बसलं होतं, हे आजही कुणाला धड सांगता येत नाही. आण्णा, म्हणजे माझे वडील, गाडी चालवत होते. त्यांच्या शेजारी गिअरच्या दांड्याला गुडघा चिकटवून मी, माझ्या मांडीवर चुलतभावाचं पोरगं, पलीकडे माझा भाऊ विजय. मागे आई, आक्का आणि निम्मी भावकी, प्रत्येकाच्या मांडीवर आणखी कुणीतरी. काहीजण रडायला आले होते, काहीजण विमान बघायला. एक चुलते तर सुरूरच्या फाट्यावर उतरून वाईला जायचं म्हणून बसले होते. फुकटची सोय कोण सोडतो?

विमानतळाच्या दारात आण्णा म्हणाले, "परमुलखात मान खाली घालून ऱ्हायाचं, पोरी. मान वर करायला आपलं गाव हाय."

हे त्यांचं स्वतःच्या कमाईचं वाक्य होतं. विट्याच्या आमच्या पट्ट्यात गाव सोडणं ही काही बातमी नाही. पाऊस पडेना तशी आमची माणसं गलाईला गेली, म्हणजे सोनारांकडचं तुटकं-फुटकं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायच्या धंद्याला, आणि बघता बघता देशभर पसरली. आण्णांचं निम्मं आयुष्य तमिळनाडूतल्या एका बाजारपेठेत, भट्टीपुढे आणि अ‍ॅसिडच्या वासात गेलं. अधूनमधून आईही तिकडे जायची, आणि मग मला सांभाळायची आक्का. आक्का म्हणजे आण्णांची थोरली बहीण, माझी आत्या. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली ती आमच्याच घरची झाली. माझी वेणी तिने घातली, मला भाकरी तिने शिकवली आणि उलट बोलायलाही तिनेच शिकवलं, हे ती आता कबूल करत नाही.

धंदा आवरून आण्णा कायमचे परत आले ते ही जीप घेऊन. तिथेच जुनी विकत घेतली आणि स्वतः चालवत गावात आणली. मग विट्याला नेऊन तिला मखमली सीटकव्हरं शिवून घेतली. मरून रंग, कडेला सोनेरी गोट. घरात नव्या सुनेचं होत नाही इतकं कौतुक त्या कव्हरांचं झालं. चिखलाचे पाय कुणी वर घेतले की आण्णा गाडी थांबवायचे.

मी कॅनडात मान खाली घालून राहिले. माझ्या नावाचा चुराडा करून हाक मारली तरी ओ दिली. शिफ्ट बदलली तरी 'नो प्रॉब्लेम' म्हटलं. बर्फात घसरून पडले तेव्हा बाजूने जाणाऱ्या बाईला मीच सॉरी म्हणाले! नवरा हसला, पण तोही वडूजकडचाच, तोही तसाच वागत होता.

मग रेवा झाली. हॉस्पिटलमधून सोडायच्या वेळी नर्सने पेढे कुठे आहेत असं विचारलं नाही, कारसीट कुठे आहे असं विचारलं. नवऱ्याने आधीच घरी तांदळाची पिशवी त्या सीटमध्ये बसवून तालीम केली होती. तान्ह्या लेकराला त्यात उलटं बसवतात, गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून, कारण समोरून दणका बसला तर डोकं, मान आणि पाठ सगळं खुर्चीत दाबलं जातं, नाजूक मानेला एकटीला झटका सोसावा लागत नाही. आमच्या तिथल्या गाडीत सीटच्या फटीत लोखंडी कड्या आहेत. दोन हुक अडकवले, टक् टक् वाजलं, की झालं काम. मला त्याचं कौतुक वाटायच्या आधी राग आला. इतकं सोपं होतं तर आपल्याकडे इतकी वर्षं मांडीचेच गोडवे का गायले जातात?

गेल्या उन्हाळ्यात रेवाचं जावळ काढायला आम्ही दोघी गावी आलो. नवऱ्याला रजा मिळाली नाही. सासरचा कुलदेव खटावकडच्या एका डोंगरावर आहे. वडूजहून सासरची मंडळी तिथे परस्पर येणार होती आणि आम्ही माहेरून आण्णांच्या जीपने जाणार होतो. जावळ काढताना लेकरू मामाच्या मांडीवर बसतं, हे सगळीकडचंच. पण आमच्या घरात आक्काचा त्यावर आणखी एक नियम आहे. जावळाचं लेकरू एकदा उंबऱ्यातून उचललं की देवाच्या पायरीपर्यंत मांडीवरून खाली ठेवायचं नाही. विजयला असंच नेलं, मला असंच नेलं.

आणि मी तर विमानातून खुर्ची घेऊन आले होते.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशी त्या खुर्चीची गत झाली. ओसरीवर ती ठेवली आणि गल्ली बघायला लोटली. कुणी म्हणालं पाळणा आहे, कुणी म्हणालं केस कापायची खुर्ची आहे, जावळासाठी मुद्दाम आणली असेल. आक्काने तिच्याभोवती एक फेरी मारली.

"आयबाच्या मांड्या झिजल्या व्हय गं तुमच्या तिकडं?"

"आक्का, गाडीचा ब्रेक लागला की मांडी कामाला येत नाही."

"आमची पोरं काय मेली व्हय? लय शिकलीस म्हून आमाला शिकवाय लागली."

मी त्या दिवशी गप्प बसले. घाटाचा रस्ता, जुनी जीप, पोरीच्या डोक्यावर अजून टाळू मऊ, आणि मी गप्प बसले. परदेशातून आलेल्या माणसाला ही एक खोड लागते. चार दिवसांसाठी कशाला वाईट व्हायचं, असं वाटत राहतं. तुमच्यातले जे जे माझ्यासारखे बाहेर आहेत त्यांना हे नेमकं ठाऊक असणार.

जावळाच्या दिवशी सकाळी मी रेवाला न्हाऊ घालत होते तेवढ्यात विजयने मोठ्या प्रेमाने खुर्ची जीपमध्ये बसवूनसुद्धा टाकली. बाहेर येऊन बघते तर सगळ्यात मागे, जिथे माणसं समोरासमोर गुडघे भिडवून आडवी बसतात, त्या बाकावर ती दिमाखात उभी. बैलाच्या कासऱ्याने अशी आवळलेली की खुर्चीला श्वास घेता येऊ नये. वर हळदी-कुंकवाची बोटं आणि पुढे लिंबू.

"हत्ती वढू दे, हलायची न्हाई," विजय म्हणाला.

हलत नव्हती हे खरं. मी कॅनडाला निघाले तेव्हा टपावरच्या बॅगाही त्याने अशाच बांधल्या होत्या आणि मुंबईपर्यंत इंचभर सरकल्या नव्हत्या. आमच्याकडे गाठ मारणारा माणूस सगळ्या गोष्टी सामानासारख्या बांधतो. मी त्याला सांगितलं की आडव्या बाकावर ही खुर्ची कधीच लावायची नसते, कारण समोरून धक्का आला तर लेकरू बाजूला फेकलं जातं आणि खुर्चीची सगळी रचनाच फुकट जाते. आणि दोरी चालत नाही. गाडीचा स्वतःचा पट्टाच लागतो, तो लोखंडी पत्र्याला बोल्टाने धरलेला असतो. कासरा धरतो कशाला? बाकाच्या लाकडाला.

"जुन्या गाडीला कुठला आलाय पट्टा?" विजय म्हणाला.

पट्टा होता. मधल्या सीटच्या दोन्ही खिडक्यांशी, वरच्या दांड्याला गाठ मारून टांगलेला. इतक्या वर्षांत त्याच्यावर कुणी छत्री अडकवली होती, कुणी टॉवेल वाळत घातला होता, पण कुणी छातीवरून घेतला नव्हता. गाठी सोडून मी दोन्ही पट्टे शेवटपर्यंत ओढून तपासले. डावीकडचा उंदराने कडेला कुरतडलेला होता, तो बाद. उजवीकडचा, आण्णांच्या पाठीमागचा, धडधाकट निघाला. झटका दिला की अडकत होता. पण तो अडकवायचा कशात? बकल कुठेच दिसेना. सीटच्या फटीत हात घातला तर सगळीकडे मखमल. पुढून मागेपर्यंत एकसंध शिवलेलं कव्हर.

तुमच्यातल्या कितीजणांच्या गाड्यांमध्ये मागची बकलं अशी कव्हराखाली पुरलेली आहेत, एकदा जाऊन बघा. टोचतं म्हणून, दिसायला बरं दिसत नाही म्हणून. अगदी नव्या गाड्यांतसुद्धा.

मी घरात गेले आणि विजयच्या दाढीच्या सामानातलं ब्लेड घेऊन आले.

आण्णा गोठ्याकडून येत होते, ते जागच्या जागी उभे राहिले. त्यांनी फक्त माझ्या हाताकडे पाहिलं.

"काय करतीस?"

"कव्हर कापतीय."

"येडी झालीस काय गं? एका दिसासाठी?" आक्का ओरडली. "मांडीवर घे की तिला!"

मग मात्र माझ्या तोंडातून कॅनडा गेला आणि गाव आलं. "आण्णा, मान वर करायला आपलं गाव हाय म्हून तुमीच सांगितलं हुतं. तिकडं सा वर्सं खाली घातली. आता हितं बी घालू? ही पोर ह्या खुर्चीतनं जाईल न्हाईतर जावळ हुनार न्हाई. वडूजला फोन करून मीच सांगती."

आणि ब्लेड लावलं. मखमल चर्रकन फाटली. खाली शेंगांची टरफलं, वाळू, कुणाचीतरी टिकली, सगळं निघालं, पण बकल निघेना. मी आणखी कापत गेले. कव्हराचा आवाज ऐकवत नव्हता, हे खरं सांगते. त्या कव्हरात आण्णांची भट्टीपुढची वर्षं शिवलेली होती आणि मी ती उसवत होते.

आण्णांचा आवाज मागून आला, जड, रागातला. "तिकडं न्हाई. डाव्या अंगाला, मदल्या जोडाजवळ. शिवताना मीच आत दाबाय सांगितलं हुतं."

बकल सापडलं. अजूनही कोरं, कंपनीच्या पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं.

मग सगळे बघत असताना मी खुर्ची लावली. उलटी ठेवली, गाडीचा पट्टा खुर्चीच्या खालच्या खाचांतून ओवला आणि बकलमध्ये अडकवला. खुर्चीत गुडघा रोवून अंगाचा सगळा भार टाकला आणि पट्टा ओढत राहिले. हा जुना पट्टा धक्क्याशिवाय अडकत नाही, हळूहळू ओढला तर सैल पडतो. त्यासाठी खुर्चीच्या पोटाला एक लोखंडी क्लिप चिकटवलेली असते. ती बकलला लागूनच पट्ट्याच्या दोन्ही पदरांवर चढवली. आमच्या तिकडच्या गाडीत तिची कधी गरजच पडली नव्हती. जीपची सीट पाठीकडे खोल गेलेली, त्यामुळे खुर्ची उभट होत होती आणि रेवाची मान पुढे पडली असती. आईने न सांगता आण्णांचा पंचा घट्ट गुंडाळून आणून दिला. तो खुर्चीच्या पायाकडच्या कडेखाली, सीटच्या फटीपाशी सारला तेव्हा खुर्चीच्या अंगावरची रेघ जमिनीबरोबर सरळ आली. पट्टा जिथून जातो तिथे धरून खुर्ची हलवून पाहिली. बोटाच्या पेराएवढीसुद्धा सरकली नाही.

विजयने स्वतः हलवून बघितली. "आयला," एवढंच म्हणाला आणि कासरा गुंडाळायला लागला.

मला वाटलं, जिंकले. पण आक्का खुर्चीकडे रोखून बघत होती.

"हिचं त्वांड मागं का?"

"तान्ह्या पोरांना असंच बसवतात, आक्का."

"म्हंजी पोरगी देवाला पाठ करून जानार?"

अंगणात सगळ्यांनाच ते एकदम पटलं. पट्टा, दोरी, कव्हर ही भांडणं कुठल्या कुठे गेली. देवाच्या दारी पहिल्यांदा निघालेलं लेकरू, जावळाचं लेकरू, आणि देवाकडे पाठ! शेजारची काकू तोंडावर पदर घेऊन चुकचुकली. विजयसुद्धा हळूच म्हणाला, "ताई, तेवढी सरळ कर की. पट्टा तर हायच." मला ठाऊक होतं, इथे मी एक पाऊल मागे घेतलं तर सगळ्यांची तोंडं गोड होतील आणि तो दिवस निभावूनही जाईल कदाचित. त्या 'कदाचित'चाच मला संताप आला.

तेव्हा आई बोलली. आमच्या घरात आईला बोलायची वेळ सहसा येत नाही, कारण आक्का आधीच बोललेली असते.

"माज्याकडं बगा," आई म्हणाली. "हिच्या कपाळावरची खूण सगळ्यांनी बगितलीया. वडापच्या जीपमदी म्होरं बसल्यालो आमी. म्हस आडवी आली. ही माज्या मांडीवर हुती, दोनी हातानं आवळून धरल्याली. तरी काचंवर जाऊन आदळली. देवानं राखली, देवानं राखली म्हून म्याच सांगत फिरती गावभर. पर सुटली माज्या हातातनं. माज्या! म्या काय सैल धरली हुती?"

वडापच्या, म्हणजे शीटा भरून नेणाऱ्या जीपची ती गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. पाहुण्यांना माझं कपाळ दाखवून सांगायची हसरी गोष्ट होती ती. इतकी वर्षं ती गोष्ट आई कशी सांगत आली असेल हे मला त्या क्षणी कळलं आणि मला रडू आलं.

आण्णांनी जीपची किल्ली खिशातून काढली. "बस," ते मला म्हणाले. "ऊन व्हायच्या आत घाट उतरू."

आक्का जीपमध्ये बसली नाही. देवाला पाठ केलेल्या लेकराबरोबर आपण जाणार नाही, असं तिने जाहीर केलं आणि विजयच्या मोटरसायकलवर जाऊन बसली. त्या वयात, एका अंगाला पाय टाकून, पदर दातात धरून. सगळी वाट ती आमच्या पुढे होती. माझ्यात हट्ट कुठून आला हे कुणाला बघायचं असेल तर त्या दिवशी त्या रस्त्यावर बघायला हवं होतं. रेवाच्या खांद्याखालून आलेले पट्टे मी चिमटीत धरून पाहिले, चुणी पडत नाही ना, आणि तिच्या शेजारी बसले. ती मागच्या काचेतून धूळ बघत राहिली आणि खटावचं माळरान लागलं तेव्हा झोपली. आण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा पट्टा लावला होता की नाही ते मी पाहिलं नाही. विचारलंही नाही.

देवळात सगळं रीतीप्रमाणे झालं. रेवा विजयच्या मांडीवर बसली, न्हाव्याला दोनदा लाथ मारली, आणि तिचं जावळ नव्या कापडात पडलं. सासूबाईंनी ओटी भरली. देव काही रागावलेला दिसला नाही.

गाभाऱ्यातून निघताना आक्का नेहमीसारखी पाठ न दाखवता, हात जोडून, एकेक पायरी मागे मागे येत होती. मला राहवलं नाही.

"आक्का, आता घरी जाताना बघ. आपल्या सगळ्यांची पाठ देवाकडं असणार. रेवाचंच तेवढं तोंड पार उंबऱ्यापर्यंत देवाकडं."

आक्का थांबली. तिने हिशेब करून पाहिला, हे तिच्या डोळ्यांवरून कळलं.

"जिबंला हाड न्हाई तुज्या," ती म्हणाली.

पण परतीला ती जीपमध्ये येऊन रेवाच्या शेजारी बसली. तिला पटलं असं कुणी समजू नये. मोटरसायकलवर तिची कंबर कामातून गेली होती. आजही गावात कुठल्याही लग्नात ती सांगते की आमच्या पोरीने नातीला देवाला पाठ करून नेलं आणि माझ्या भावाची मखमल फाडली. व्हिडिओ कॉलवर मलाही सुनावते. मी म्हणते, सांग. सगळ्यांना सांग. नुसतं ऐकून एखाद्या बाईने आपल्या गाडीतलं कव्हर उचलून बघितलं तरी तू केलेली माझी बदनामी मला चालेल.

गावातच राहिलेल्यांनो, तुम्ही आम्हाला म्हणता की तुम्ही बदललात. बदललो. बर्फात राहून माणूस बदलणार नाही तर काय होणार? आणि माझ्यासारखे निघून गेलेल्यांनो, तुम्हीही एक करता. पंधरा दिवसांसाठी येता, सगळ्याला हो म्हणता, लेकरू कुणाच्याही मांडीवर देता, फोटो काढता आणि परत जाऊन म्हणता की गावाला काही कळत नाही. तोंडावर भांडायचं नाही आणि पाठीमागे नाक मुरडायचं, ही परक्याची रीत झाली.

लोक विचारतात, आता तुझं घर कोणतं? तिकडचं की इकडचं? पूर्वी मी या प्रश्नाला घाबरायचे, दोन्हीकडची नावं घेऊन वेळ मारून न्यायचे. आता घाबरत नाही. पुढच्या सुट्टीला मी पुन्हा जाणार आहे, आणि रेवाची खुर्ची घेऊनच जाणार आहे. आक्का पुन्हा बोलेल, मी पुन्हा उलटून बोलेन, आणि रात्री तिच्याच हातची भाकरी खाईन. कॅनडात माझ्या शेजारणीच्या गाडीतलं काही मला पटलं नाही तर मी हसून गप्प बसते, कारण तिथे मी अजून पाहुणी आहे. पाहुणी कधी यजमानाच्या मखमलीला ब्लेड लावत नाही.